भाजीच्या स्टॉलमागचं लोखंडी मैदान

भाजी ताजी असते, माणसं बोलायला चांगली आहेत, गाडी लावायला जागा भरपूर. एवढं सांगून थेट स्टॉलच्या मागे वळतो, कारण तिथलं मैदान आता सहसा कुठे दिसत नाही. लोखंडी घसरगुंडी, हाताने ढकलायची गोल चक्री, लाकडी फळीचा सी-सॉ, साखळीचे झोके, चढायला पाइपांच्या चौकटींचा जंगल जिम. सगळं जुनं आणि सगळं चालू.

माझं आयुष्य फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलं. त्यामुळे नातीला सोडण्याआधी प्रत्येक जोडावरून हात फिरवला. जुने झोके दगा देतात ते वरच्या कडीत. साखळी शाबूत दिसते, पण कडी आतून झिजून निम्मी झालेली असते. इथे कड्या नव्या आहेत आणि साखळ्या जुन्याच. ज्याने हे केलं त्याला काम कळतं. चक्रीच्या बेअरिंगला ताजं ग्रीस आहे, एका धक्क्यात ती कितीतरी वेळ आवाज न करता फिरते. रंगही जुन्यावर नवा फासलेला नाही. खालपर्यंत खरवडून, प्राइमर देऊन लावलाय. हे महत्त्वाचं, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पापुद्रे सुटले की ते मुलांच्या बोटांवरून पोटात जातं.

घसरगुंडीच्या कठड्याच्या फटीही मी मोजल्या. चार बोटांपेक्षा रुंद आणि वीतभरापेक्षा अरुंद, म्हणजे साधारण 9 ते 23 सेंटिमीटरची फट धोक्याची. अंग पलीकडे जातं, डोकं अडकतं. इथे मधे जादा गज वेल्ड करून त्या बुजवल्या आहेत, आणि वेल्ड घासून गुळगुळीत केलाय.

जंगल जिमवर मात्र माझा जीव जडला. याचं पेटंट 1923 सालचं, शिकागोजवळच्या विनेटका इथल्या सेबॅस्टियन हिंटन यांचं. त्यांच्या गणितज्ञ वडिलांनी मुलांना मिती समजाव्यात म्हणून बांबूचा सांगाडा उभारला होता, त्यावरून ही कल्पना आली. नात मधल्या चौकटीत अडकून उभी होती. "आजोबा, आता कुठला पाय?" मी काही सांगितलं नाही. तिने खाली पाहिलं, मग बाजूला, आणि डावा पाय टाकला. हे प्लॅस्टिकच्या बुटक्या घसरगुंडीवर होत नाही.

दोन गोष्टी मात्र तातडीने सुधारायला हव्यात. जंगल जिमखाली टणक माती आहे, तिथे वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा जाड थर हवाच. पडणं ठीक, पण पडायची जागा मऊ पाहिजे. आणि घसरगुंडीवर सावली नाही. दुपारी पत्रा चटका देतो, म्हणून सकाळीच जा आणि मुलांना पूर्ण पँट घाला. मालकांशी बोललो, त्यांनी वाळूचं मनावर घेतलंय.

अगदी तान्ह्यांसाठी इथे काही नाही. एक तरी बंदिस्त झोका लावावा.