जांभळ्या सालीचा बटाटा: घोडं सालीपाशीच पेंड खातंय

कुफरी नीलकंठ, म्हणजे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं वाण, गच्चीवर लावावं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. लावा, पण फोटोवर भुलू नका. साल काळसर जांभळी, गर मात्र पिवळटच. मला बेणं विकणाऱ्यानं जाहिरातीत आतूनही जांभळा बटाटा कापून दाखवला होता. तक्रार केली तर म्हणे, "साल जांभळी आहे ना मग?" पैसे परत नाहीत, वर कुरिअरचा भुर्दंड वेगळा. तेवढ्या पैशात कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातनं महिनाभराची बटाट्याची बेगमी झाली असती.

वाढवायला कटकट नाही. दिवाळीनंतर रात्री गार पडल्या की लावायचा. रात्री 20 अंशांच्या वर राहिल्या तर नुसता पाला माजतो, खाली बटाटा नीट धरत नाही. आपली काळी माती एकटी नको, पाणी धरते आणि बेणं कुजतं. मी खताच्या रिकाम्या पोत्यांत अर्धं शेणखत मिसळलं, वर उसाचं पाचट. रोप वीतभर झालं की मातीची भर द्यायची, पाला पिवळा पडून लोळला की पाणी तोडायचं.

आता खरं दुखणं. उजेड लागला की साधा बटाटा हिरवा पडतो, लांबूनच कळतो. हा पठ्ठ्या कळूच देत नाही! पोत्यातली माती बसते, एखादा बटाटा डोकं वर काढतो, आणि जांभळ्या सालीखाली हिरवा होऊन बसतो. नखानं खरवडल्याशिवाय पत्ता लागत नाही. हिरवा रंग निरुपद्रवी, पण त्याच उजेडानं सोलॅनिन वाढतं. ते कडू, विषारी, आणि उकडूनही जात नाही. म्हणून आमच्याकडं प्रत्येक बटाट्याला आधी नखाची चाचणी. "मग सोलूनच टाक की," असं घरातनं ऐकून घेतलंय. पण ज्या अँथोसायनिनचं, म्हणजे जांभळा रंग देणाऱ्या द्रव्याचं, एवढं कौतुक, ते मुख्यतः सालीतच. साल कचऱ्यात घालायची तर जादा पैसे मोजले कशाला?

उकडला तर रंग पाण्यात उतरतो. तांबड्या रश्श्यात घातला तर विचारूच नका, त्या कटात जांभळं दिसणार कुणाला? इथपर्यंत माझं मत पक्कं होतं: नुसता देखावा.

मग महाशिवरात्रीला सालीसकट पातळ काप केले. तुपात जिरं, हिरवी मिरची, झाकण न ठेवता परतले, शेवटी दाण्याचा कूट. कडा कुरकुरीत, आत लोण्यासारखा मऊ, आणि लिंबू पिळलं तशी सालीची कड गुलाबीकडं झुकली. आत्यांनी ताटात बघून विचारलं, "रताळी व्हय ही?" आणि परत वाढून घेतले. चवीला आग्र्याच्या बटाट्यापेक्षा उजवा, हे मान्य करावं लागतं. रश्श्याला मात्र तो आग्र्याचाच बरा, स्वस्त पडतो.

राहिलं बेणं. काढलेले बटाटे पुढच्या दिवाळीपर्यंत घरात ठेवावेत म्हटलं, तर आपल्या उन्हाळ्यात शीतगृहाशिवाय ते सुरकुततात, कोंब सोडतात, नाहीतर सडतात. म्हणजे दरवर्षी नवं बेणं, नवं कुरिअर. यंदा निम्मीच पोती भरणार, आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडनं कापलेल्या बटाट्याचा फोटो मागवणार.