पुढची काच गळतेय: सिलिकॉन, मऊ मॅस्टिक की नवीन बीडिंग?

जुनी गाडी, काच रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेली आणि पाऊस पडला की पायाखालची मॅट ओली, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी लिहितोय. माझे तिन्ही उपाय करून झालेत. काच पॉलीयुरेथेनने चिकटवलेली असेल तर मात्र वरून काही भरू नका, ती काढून नीट परत चिकटवून घ्या.

सिलिकॉन सगळ्यात सोपं. पातळ, वाहणारं मिळतं ते बारीक फटीत आपोआप शिरतं, जागा कोरडी आणि स्वच्छ असेल तर कामही करतं, नाही म्हणणार नाही. फक्त आंबट वासाचं साधं सिलिकॉन नको, सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो.

पण माझं मन उडालं ते सिलिकॉन काढताना. वर्षभराने त्याच कोपऱ्यातून परत पाणी यायला लागलं, म्हणून वरून नवीन भरलं तर ते जुन्यावर धरेचना. मग प्लास्टिकच्या पट्टीने रबराची कड उचलून खरवडत बसलो, पातळ सालीसारखं निघायचं, ओढलं की तुटायचं, सगळं निघालं असं वाटलं तरी बोट फिरवलं की तो गुळगुळीत थर तिथेच. पुढे त्याच कडेला रंग मारला तर बारीक बारीक खड्डे पडले, रंग तिथे बसतच नव्हता. दोन सुट्टीचे दिवस त्यात गेले.

मऊ मॅस्टिक, म्हणजे फटीत भरायचं, कधीच कडक न होणारं, काळं, चिकट लुकण. गाडी खड्ड्यात हादरली, बॉडी थोडी हलली तरी ते सोबत हलतं, मला वाटतं खरा फरक इथेच पडतो. कड उचलायची, नोझल आत घालून सलग भरायचं, काच आणि रबराच्या मध्येही आणि रबर आणि पत्र्याच्या मध्येही, मग दाबून बाहेर आलेलं रॉकेलच्या ओलसर फडक्याने लगेच पुसायचं. हात आणि कपडे काळे होतात, हे आधीच सांगतो. पण उद्या काढायचं झालं तर निघतं तरी.

रबरच कडक होऊन कोपऱ्यात आकसलं असेल, तडे गेले असतील तर मॅस्टिकही फार टिकणार नाही, तिथे नवीन बीडिंगच. रबराच्या खाचेत दोरी घालून, बाहेरून काच दाबत आतून दोरी ओढायची, दोन माणसं लागतात आणि काचेला तडा जायची भीती असतेच. फायदा एवढा, की काच निघाल्यावर खालचा गंज दिसतो. मॅस्टिक तेव्हाही लागतंच.

काहीही करण्याआधी पाइपने खालून वर हळूहळू पाणी सोडून बघा, आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसा, कधीकधी पाणी काचेतून नाही, वायपरच्या दांड्याच्या भोकातून येत असतं.

परवा खात्रीसाठी कड उचलून पाहिली. दोन पावसाळे झालेत, मॅस्टिक अजून बोटाला चिकटतंय, मॅट कोरडी.