कॉलेज फुटबॉल टीमसाठी प्री-सीझन टेस्टिंग, बडोदा : नक्की करून घ्या, पण ईसीजी मागून घ्या

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं मॅनेजरचं काम मी बघतो. कोच सर आहेतच, पण कोणाचं काय दुखतंय, कोण काय खातोय, घरच्यांशी बोलणं, हे सगळं माझ्याकडे येतं. यावर्षी इंटर कॉलेज स्पर्धा सुरू व्हायच्या आधी टीममधल्या मेन पोरांना बडोद्यातल्या एका स्पोर्ट्स फिजिओ सेंटरला नेऊन प्री-सीझन टेस्टिंग, म्हणजे सीझनच्या आधीची फिटनेस आणि जुन्या दुखण्यांची तपासणी, करून घेतलं आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय, कारण बडोद्यात क्रिकेट खेळणाऱ्याला दहा जण सल्ला द्यायला असतात, फुटबॉलवाल्या पोरानं कुठे जायचं ते कोणी सांगत नाही.

आधी सरळ मत सांगतो, घ्या. एका प्लेअरमागे जे पैसे लागतात ते बऱ्यापैकी स्टड्सच्या (फुटबॉलच्या बुटांच्या) जोडीपेक्षा कमी आहेत. अख्खी टीम नेणं परवडत नसेल तर ज्या पाच-सहा जणांवर टीम उभी आहे त्यांना तरी न्या, कारण दुखणं लपवतो तो मेन प्लेअरच. बेंचवरचा पोरगा येऊन सांगतो की सर इथे दुखतंय, पण ज्याला माहितीये की आपण नसलो तर टीम हरते तो कधीच बोलत नाही, तसाच खेळत राहतो आणि मग ऐन सेमीफायनलला बाहेर बसतो.

आमचा स्ट्रायकर तसलाच. मागच्या सीझनला हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेलं होतं, आता विचारलं की "एकदम फिट आहे दादा" एवढंच उत्तर. पळायला लावलं तर खरंच फास्ट, दहा मीटर काय आणि तीस मीटर काय, दोन्हीत पहिला. मग फिजिओनी त्याला पालथं झोपवलं, एकेक पाय वाकवून मशीनच्या विरुद्ध जोर लावायला सांगितला, तेव्हा दिसलं की डावा पाय उजव्यापेक्षा बराच कमी पडतोय. एका पायावर लांब उडी मारायची टेस्ट घेतली त्यातही तेच. यांचा हिशोब असा असतो की दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के तरी यायला पाहिजे, हा त्याच्या खाली होता. आणि हॅमस्ट्रिंगचं असं आहे ना की एकदा गेलेलं परत जाण्याची भीती सगळ्यात जास्त, पोरगा पळतोय म्हणजे बरा झाला असं नसतं. त्याला बसवा असं नाही सांगितलं, फुल स्प्रिंट हळूहळू वाढवा आणि आठवड्यातून दोनदा नॉर्डिक करा असं सांगितलं. नॉर्डिक म्हणजे गुडघ्यांवर बसायचं, मागून पार्टनरनी घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं, सामान काहीच लागत नाही. जगभर यावर जे अभ्यास झालेत त्यात हे नियमित करणाऱ्या टीममध्ये हॅमस्ट्रिंगच्या इंजुऱ्या जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या. एवढी साधी गोष्ट, पण आपल्याकडे किती कॉलेज टीम करतात?

आता यो-यो टेस्ट, म्हणजे दम किती टिकतो ते बघायची. क्रिकेटमुळे नाव सगळ्यांना माहितीये, पण मुळात ही डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची टेस्ट, आणि ते फुटबॉलमधलेच. २० मीटर जा, २० मीटर या, १० सेकंद थांबा, परत बीप, आणि बीपचा स्पीड ताशी १० किलोमीटरपासून वाढत जातो, दोनदा वेळेत पोचला नाहीत की संपलं. क्रिकेटच्या बातम्यांमध्ये जो १६.१ आकडा यायचा तो म्हणजे ११२० मीटर. फुटबॉलमध्ये मोठ्या लेव्हलचे प्लेअर २००० मीटरच्या पुढे जातात, त्यामुळे कॉलेजच्या मिडफिल्डरला १६.१ आला म्हणून पेढे वाटायचं कारण नाही.

आमचा सेंटर मिडफिल्डर या टेस्टमध्ये फार लवकर थांबला. टीममधला सगळ्यात डोकेबाज प्लेअर, पास असा टाकतो की बघत राहावं, पण सेकंड हाफमध्ये दिसेनासा होतो म्हणून ग्राउंडच्या बाहेर उभे राहणारे त्याला आळशी म्हणायचे आणि यावर्षी त्याला सबमध्ये ठेवायचं असं जवळजवळ ठरतच होतं. इथल्या मॅडमनी त्याचा चेहरा बघितला, पापणी खाली ओढून बघितली, झोप आणि जेवण विचारलं आणि म्हणाल्या आधी रक्त तपासा मग याच्या स्टॅमिन्याबद्दल बोलू. हिमोग्लोबिन १३ च्या खाली निघालं, पुरुषांमध्ये १३ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, आणि बी-१२ पण कमी. हॉस्टेलला राहतो, शाकाहारी, मेसचं शाक-रोटली आणि संध्याकाळी सेव उसळ, त्यावर रोज दीड-दोन तास प्रॅक्टिस, कुठून येणार बी-१२? आता डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे. एका चांगल्या प्लेअरवर आळशीपणाचा शिक्का कायमचा बसला असता तो या एका तपासणीनं वाचला, माझ्या दृष्टीनं पूर्ण पॅकेजचे पैसे इथेच वसूल झाले. तुमच्या टीममध्ये असा कोणी असेल, स्किल आहे पण दम टिकत नाही, तर त्याला ओरडायच्या आधी सीबीसी, म्हणजे साधी रक्ताची तपासणी, करा.

सगळ्यात अवघड केस आमच्या स्टॉपरची (मधल्या डिफेंडरची) होती. एसीएलचं (गुडघ्यातल्या मुख्य लिगामेंटचं) ऑपरेशन झालेलं, घरचे आणि तो स्वतः धरून बसलेले की पहिल्या मॅचपासून खेळणारच. ९ महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि ९ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा जायचं प्रमाण किती वाढतं हे आता चांगलं माहिती झालेलं आहे. सेंटरनी टेस्ट पूर्ण घेतल्या, नुसतं कॅलेंडर दाखवून घरी नाही पाठवलं, आणि रिपोर्ट समोर ठेवून त्याच्या आईला नीट मराठीत समजावलं. "काकू, तो चालतो, पळतो, सगळं खरंय, पण खेळताना धावता धावता एकदम वळायचं असतं ना, तिथे त्याचा गुडघा अजून तयार नाही." काकूंनी पण उलटे प्रश्न विचारले, उडी मारून उतरताना गुडघा आत का वळतो, दुसऱ्या पायाला भीती आहे का, वगैरे. व्यायाम आणि हाडं-सांधे बसवण्यासाठी नावाजलेल्या माणिकरावांच्या आखाड्याचं गाव आहे आपलं, दांडिया बाजारात वाढलेल्या घरांत हाड, सांधा, लचक ही भाषा लोकांना बरोबर कळते, फक्त कोणीतरी बसून सांगायला पाहिजे. पोरगा रडला, पण ऐकलं. वेस्ट झोनच्या इंटर युनिव्हर्सिटी स्पर्धेपर्यंत त्याला तयार करायचं असं आता ठरलंय, इंटर कॉलेज नाही. टीमला याचा फटका बसणार हे मला दिसतंय, त्याच्या जागी जो आहे त्याची हेडिंग कच्ची आहे, तरी मला हाच निर्णय पाहिजे होता.

लेफ्ट विंगरला पहिला प्रश्न काय तर "गरबा खेळतोस का?" मला तिथेच हे लोक पटले. बडोद्यात राहून हा प्रश्न न विचारता प्री-सीझन करणं म्हणजे काहीच न करणं. नऊ रात्री, अनवाणी, एकाच दिशेनं गोल फिरत, तेच तेच वळण, झोप पहाटे, आणि हे सगळं बरोबर सीझनच्या तोंडावर. त्याचा घोटा आधी दोनदा मुरगळलेला. वाय बॅलन्स म्हणून टेस्ट असते, एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीन दिशांना जमेल तितका लांब न्यायचा, त्यात समोरच्या दिशेला दोन पायांत ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सावध व्हायचं. याचा त्याच्याहून जास्त आला. गरबा बंद कर असं कोणी म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. नवरात्रीपर्यंत रोज एका पायावरचे बॅलन्सचे व्यायाम, गरब्याला टेपिंग करून जायचं, आणि त्या दिवसांत सकाळची प्रॅक्टिस हलकी ठेवा हे कोच सरांना लिहून दिलं. सरांनी टाइमटेबल खरंच बदललं.

गोलकीपर ठीक निघाला, खांदे, उडी सगळं नीट. कॅप्टनचं वजन थोडं वाढलंय, ते सगळ्यांना दिसतच होतं.

आता जे आवडलं नाही ते. स्प्रिंटचा टाइम हे लोक स्टॉपवॉचनं घेतात. हाताच्या टायमिंगमध्ये ०.२ सेकंदाचा फरक सहज पडतो आणि दहा मीटरमध्ये ०.२ म्हणजे खूप झालं, त्यामुळे तो आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघायच्या लायकीचा नाही, एवढे पैसे घेता तर आपोआप वेळ मोजणारे टायमिंग गेट आणा ना. दुसरं, आम्हाला दुपारचा स्लॉट दिला होता, ऑगस्टमधला बडोद्याचा उकाडा, पाऊस पडून गेल्यावर टर्फमधून वाफ येते, तेव्हा यो-यो घेतला तर कोणाचाही स्कोअर खाली येणार. मी हट्ट करून सकाळचा मागून घेतला, तुम्ही पण तसंच करा, आणि दरवेळी त्याच वेळेला टेस्ट घ्या नाहीतर तुलना करता येत नाही. रिपोर्ट उशिरा आला आणि आला तो सगळा ग्राफ आणि शॉर्टफॉर्म, कोच सरांना एकेक ओळ मी वाचून सांगितली. प्रत्येक प्लेअरचं एका पानावर मराठी किंवा गुजरातीत एवढंच लिहा की काय कमी आहे, काय करायचं, परत कधी यायचं. तोंडी इतकं छान समजावता तर कागदावर पण येऊ द्या.

वॉर्मअपसाठी त्यांनी फिफाचा ११+ शिकवला, हे मात्र प्रामाणिकपणा. फुकट आहे, साधारण २० मिनिटांचा आहे, आठवड्यातून निदान दोनदा केला तर इंजुऱ्या साधारण एक तृतीयांशानं कमी होतात असं मोठ्या अभ्यासात दिसलंय, आणि तो करायला यांच्याकडे यायची गरज नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मुलींची टीम असेल तर हा सोडूच नका, मुलींमध्ये एसीएल जाण्याची शक्यता मुलांच्या दोन-तीन पट असते. लेडी फिजिओ आहेत, मुलींना अवघडल्यासारखं होत नाही.

आणि आता ईसीजी, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. बेसिक पॅकेजमध्ये बीपी आणि पल्स आहे, ईसीजी नाही, आणि काउंटरवर कोणी सांगत पण नाही की वेगळा करून घ्या. ५ डिसेंबर २००४, बंगलोर, फेडरेशन कपची फायनल, गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्टियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल मारताना कीपरला धडकला आणि कोसळला तो उठलाच नाही. वयाच्या पंचविशीतला, टीमचा हुकमी स्ट्रायकर. २०२१ च्या युरोमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोपनहेगनला तसाच, हृदय बंद पडून, कोसळला, पण तिथे लगेच सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) मिळाला, शॉक द्यायचं मशीन मिळालं, तो वाचला आणि परत खेळला सुद्धा. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची हृदयाची तपासणी कायद्यानं करावीच लागते, ईसीजीसकट. आपल्याकडे कॉलेजच्या पोराचं फिटनेस सर्टिफिकेट कसं मिळतं हे सगळ्यांना माहितीये. ईसीजीत सगळंच सापडतं असं नाही, पण काही आजार त्यातच पहिल्यांदा दिसतात, आणि शहरात कुठल्याही लॅबमध्ये तो स्वस्तात होतो. सोबत घरी विचारा की कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, आणि पोराला विचारा की पळताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखतं का. यातलं एकही उत्तर हो आलं तर कार्डिओलॉजिस्टकडे आधी, ग्राउंडवर नंतर. आमच्या पोरांचे ईसीजी मी बाहेरून करून घेतले. सेंटरवाल्यांना विनंती आहे की हे पॅकेजमध्येच घाला, भाव थोडा वाढवा, कोणी तक्रार करणार नाही.

जायचं असेल तर टीमचा रेट वेगळा असतो, फोनवरच विचारून घ्या. सकाळचा स्लॉट, पोरांनी नास्ता दोन तास आधी, आदल्या दिवशी मॅच नको, आणि जुन्या इंजुरीचे एमआरआय, ऑपरेशनचे कागद सगळे बरोबर न्या, ते बघितल्याशिवाय मॅडम टेस्ट सुरू करत नाहीत.