बुरूड आळीतल्या तीन टोपल्या: एक सायकलीला, एक लोकरीला, एक पावाला

मी कोथरूडला राहते, डहाणूकर कॉलनीत. ऑफिस टिळक रस्त्यावर. जेमतेम सहा किलोमीटर. गेली चार वर्षं हे अंतर मी सायकलनेच जाते-येते. सायकल साधी, बिनगिअरची, साडी नेसूनही चढता येईल अशी. पुढे टोपली नसेल तर मात्र तिचा मला निम्माच उपयोग. जाताना डबा, पाण्याची बाटली आणि विणकामाची पिशवी, येताना मंडईतली भाजी. पाठीवर सॅक घेतली की उन्हाळ्यात पोचेपर्यंत पाठ भिजून जाते.

सायकलीबरोबर आलेली तारेची जाळी पहिल्या पावसाळ्यात गंजली आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिचा तळ उचकटला. नळ स्टॉपच्या उड्डाणपुलाखाली चाक खड्ड्यात आपटलं आणि डबा रस्त्यावर गेला. मग ऑनलाइन एक मागवली, दिसायला वेताची, पण प्लॅस्टिकची. ₹१,१०० गेले. एका उन्हाळ्यात तिचे पट्टे कडक होऊन मोडायला लागले. ती दुरुस्त करून देणारं कोणी नव्हतं. आई म्हणाली, "अगं, बुरडाकडे जा की. टोपलीच हवीये ना?"

इतकी वर्षं पुण्यात राहून बुरूड आळीत मी फक्त गौरीसाठी सूप आणायला गेले होते. टोपली करवून घेता येते हे डोक्यातच आलं नाही.

ज्या दुकानाबद्दल लिहितेय त्याला पाटी नाही, म्हणून नावही देता येत नाही. रस्त्याला लागून छोटीशी जागा. भिंतीला शिड्या आणि चटया उभ्या केलेल्या, खाली सुपं, रोवळ्या, परड्या, दुरड्या एकात एक घालून ठेवलेल्या. काका बांबू चिरतात, मावशी विणतात. पहिल्या दिवशी मी तासभर उभी राहून काकांचं काम बघितलं. त्यांनी बांबूच्या तोंडाला कोयत्याने खाच दिली, दुसरं टोक पायाखाली दाबलं आणि पातं नुसतं पुढे ढकलत नेलं. बांबू सर्रकन फाटत गेला, प्रत्येक पेराशी आला की टक असा आवाज. मग त्या फाकेच्या दोन फाका, दोनाच्या चार. शेवटी एकेका कामटीची वरची हिरवी पाठ आणि आतलं पांढरं पोट वेगळं केलं. पोटाच्या पट्ट्या त्यांनी बाजूला टाकल्या. "सायकलीची म्हणताय ना, मग सगळी पाठीचीच घालतो. पोट पाणी पितं आणि कुजतं." बाजारात तयार मिळणाऱ्या स्वस्त टोपल्यांत पाठ आणि पोट दोन्ही मिसळलेलं असतं. हातात घेऊन बघा, कळतं. पाठीची कामटी गुळगुळीत आणि किंचित चकाकते, पोटाची खरखरीत असते आणि तिचे तंतू नखाला लागतात.

हे झालं जुलै २०२३ मध्ये. त्या वर्षी अधिक श्रावण होता, आणि ती वेळ चुकलीच माझी. जावयाच्या वाणाच्या परड्यांच्या ऑर्डरी दुकानात ढिगाने लागल्या होत्या. मावशींनी आठ दिवस सांगितले आणि टोपली हातात पडायला सव्वीस दिवस लागले, अधिक महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधे मी तीन खेपा घातल्या. फोन केला तर उचलायचे नाहीत, कारण हात कामात. तक्रार म्हणून मनापासून नोंदवते: तारीख देऊ नका, पण दिली तर पाळा. ऑफिस सुटल्यावर गर्दीतून शहरात शिरायचं आणि "उद्या या ताई" ऐकून परत फिरायचं, याने माणूस दमतो.

त्यातून पहिली टोपली चुकली. चूक माझी, मी नुसतं "गोल, चौदा इंची" सांगितलं होतं. गोल टोपली हँडलला एकाच ठिकाणी टेकते. पट्टे कितीही आवळा, वळणावर ती डावी-उजवीकडे लोळते आणि ब्रेकची केबल दाबते. उजवा ब्रेक अर्धाच लागतोय हे मला घराच्या उतारावर कळलं. पाय टेकून सायकल थांबवावी लागली. दुसऱ्या दिवशी सायकलसकट मावशींकडे गेले. त्यांनी सायकल बघितली, हँडल हाताने चाचपलं, एक सुतळी घेऊन दोन मुठींच्या मधलं अंतर मोजलं आणि गाठ मारली. केबल जिथे वळते तिथे दुसरी गाठ. "पाठ सपाट लागंल हिला. आणि इथं विणायचंच नाय, मोकळं सोडते." आधीच सांगायला हवं होतं, असं एका शब्दाने त्या म्हणाल्या नाहीत. दुसरी टोपली यावेळी खरंच आठ दिवसांत झाली.

आता ती दोन वर्षं सायकलीवर आहे. हँडलकडची बाजू सपाट, पुढची गोल, चौदा इंच रुंद, दहा इंच खोल. तळाला जाड कामट्या दुहेरी. काठ तिहेरी आवळलेला आणि वेताने गुंडाळलेला. केबलसाठी एका कोपऱ्यात चार बोटांची खिडकी. ₹६५० घेतले. शिवाय कोपऱ्यावरच्या मोच्याकडून चामड्याचे दोन पट्टे बक्कल लावून करून घेतले, ₹१८०. आणि हे पट्टे पुरेसे नाहीत, हे नीट ऐका: टोपलीच्या तळाखाली पुढच्या चाकाच्या आसापासून वर येणारा लोखंडी आधार लागतोच. तो कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतो. नाहीतर सगळं वजन पट्ट्यांवर येतं, टोपली पुढे झुकते आणि मडगार्डवर घासते. मी चार-पाच किलोच्या वर काही ठेवत नाही. पुढे जास्त वजन झालं की हँडल जड होतं आणि हळू चालवताना सायकल एका बाजूला ओढते. दोन किलो बटाटे, एक नारळ, मेथीची जुडी आणि डबा, एवढ्यावर थांबायचं.

खड्ड्यांतून बांबू कसा वागतो हे कळल्यावर मला तारेची जाळी पुन्हा नको वाटते. तार खणखणते, डब्याचं झाकण उडतं. बांबू दचका गिळतो. एकदा मी अर्धा डझन अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून मंडईपासून घरापर्यंत आणली. एकही फुटलं नाही.

ती पहिली गोल टोपली परत घेऊन मावशी तिचे पैसे वळते करून देतच होत्या, पण मीच ती ठेवून घेतली. तिच्यात आता लोकर असते. विणणाऱ्यांना माहितीये, लोकरीचा गुंडा जमिनीवर सोडला की तो पलंगाखाली पळतो आणि केस, धूळ सगळं घेऊन येतो. पिशवीत ठेवला तर धागा अडकून ओढावा लागतो, आणि ओढून विणलेल्या ओळी घट्ट येतात. उघड्या, जड बुडाच्या टोपलीत तो जागच्या जागी फिरत राहतो आणि धागा सैल येतो.

पण सुरुवातीला या टोपलीने मला रडवलं. भाचीच्या बाळंतविड्यासाठी पांढरं टोपडं विणत होते, चार पदरी बेबी वूल, दहा नंबरच्या सुया. टोपल्याच्या आतल्या बाजूला कामट्यांच्या कडांना बारीक कुसं असतात. डोळ्याला दिसत नाहीत, लोकरीला सापडतात. धाग्याचे चार पदर सुटून एक कुसाला अडकला, मी लक्ष न देता पुढे विणत गेले आणि सुलट ओळीच्या मधोमध एक सैल फासा तयार झाला. बारा ओळी उसवल्या. बाळाच्या डोक्याला लागणारी गोष्ट आहे, तशीच सोडणं शक्य नव्हतं.

मावशींना सांगितलं तर त्यांनी टोपली पालथी केली, मेणबत्ती पेटवली आणि ज्योत आतून भराभर फिरवली. कुसं चुरचुर जळून गेली, कामटी काळीसुद्धा पडली नाही. मग काचपेपर दिला आणि म्हणाल्या, घरी एकदा घासा. घासून झाल्यावर मी आईच्या जुन्या सुती साडीचं अस्तर शिवून आत लावलं. टोपडं, मोजे, झबलं सगळं त्याच टोपलीतून विणून झालं. लोकरीसाठी टोपली घेणार असाल तर दुकानातच सांगा की आतून कुसं जाळून द्या, आणि अस्तर घालाच. तरच घ्या. अस्तराशिवाय मी कोणालाही सुचवणार नाही.

तिसरी टोपली पावाची. सावरडो, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी घरच्या आंबवलेल्या पिठावर फुगवलेला पाव, करायला मी तीन वर्षांपूर्वी शिकले. ते आंबवलेलं पीठ मैद्याचं आणि कणकेचं, मी त्याला विरजणच म्हणते. पिठाचा गोळा दुसऱ्यांदा फुगायला ठेवतात ती वेताची टोपली मी बघितली तेव्हा ऑनलाइन हजार-बाराशेला मिळत होती. आणि ती टोपली करते काय? ओल्या, सैल गोळ्याला आकार धरायला मदत करते आणि वरच्या थरातलं पाणी थोडं शोषून घेते, म्हणजे भट्टीत जाण्याआधी गोळ्याला पातळ सुकी साल येते. त्या सालीवर ब्लेडने चीर नीट पडते. आता तांदूळ धुवायची रोवळी दुसरं काय करते? पाणी सोडते, हवा घेते, आकार धरते.

मावशींना नऊ इंच व्यासाची, साडेतीन इंच उंच, उतरत्या कडांची, बुडाला अगदी घट्ट विणलेली टोपली सांगितली. "ह्यात काय ठेवणार?" "कणीक." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "पिठाची असंल तर रंग नको, वार्निश नको, काय नको." मी सांगायच्या आधी. ₹२२०. माझं प्रमाण ठरलेलं: ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम चाळलेली कणीक, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम विरजण, १० ग्रॅम मीठ. हा गोळा या टोपलीत बरोबर बसतो. आत तांदळाचं पीठ भुरभुरवते. मैदा भुरभुरवला तर तो ओल्या गोळ्याला चिकटतो, तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं म्हणून ते कोरडं राहतं. पहिल्या दोन वेळा हात आखडला आणि गोळा टोपलीलाच लटकून राहिला, खरवडून काढावा लागला. नवीन टोपलीला पीठ सढळ हाताने लावायचं आणि कामट्यांच्या फटींत बोटाने चोळायचं.

पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये गोळा ओट्यावर ठेवला तर बघता बघता आंबून सैल पडतो. मी रात्री टोपलीसकट फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी सहाला ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या भट्टीत, बिडाच्या झाकणाच्या भांड्यात भाजते. टोपली पालथी केली की गोळ्यावर विणीची नक्षी उमटलेली असते. विकतच्या वेताच्या टोपलीची वळणावळणाची वर्तुळं येतात, माझ्या पावावर सुपासारखी तिरपी वीण येते. ऑफिसात पाव नेला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी वरची साल बोटाने चाचपली आणि विचारलं, "हे चटईचं कसं काय उठलंय?"

काळजी मात्र घ्यावी लागते. फटीत पीठ राहिलं तर सोंडे होतात, एकदा झाले. तेव्हापासून प्रत्येक वेळी कोरड्या ब्रशने झाडते आणि तासभर उन्हात ठेवते. धुवायची नाही. सायकलीच्या टोपलीला दुसऱ्या पावसाळ्यात तळाशी काळे ठिपके आले. मिठाच्या पाण्याने घासून दोन दिवस वाळवली, गेले. पावसात तिच्यावर मी पिशवी घालते, पण रात्री ती भिजलेली जिन्याखाली तशीच राहायला नको, काढून घरात आणायची. बक्कल असल्यामुळे मिनिटभराचं काम आहे. बांबूत पिष्ट असतं म्हणून भुंगा लागतो. टोपलीखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली तर समजा लागला. माझ्या तिन्हींना अजून नाही. काका म्हणतात, ते बांबू आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवून मगच चिरतात. पिष्ट पाण्यात उतरतं ते असं.

गेल्या दिवाळीआधी सायकलीच्या टोपलीचा काठ एका बाजूला सैल झाला. घेऊन गेले. आकाशकंदिलांच्या सांगाड्यांचं काम चाललं होतं, तरी मावशींनी ते बाजूला ठेवलं. जुना वेत उसवला, नवा पाण्यात भिजवून मऊ केला, माझ्यासमोर वीस मिनिटांत काठ पुन्हा बांधला. ₹८०. मी शंभर दिले तर वीस परत केले.

सुटे पैसे न्या, मी गेले तेव्हा तिथे ऑनलाइन पैसे चालले नाहीत. श्रावण, गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधीचा महिना टाळा, लग्नसराईतही गर्दी असते. आणि माप तोंडी सांगू नका. पावाची टोपली हवी असेल तर भाजायचं भांडं न्या, सायकलीची हवी असेल तर सायकलच घेऊन जा. मावशी सुतळीला गाठी मारतील. ती सुतळी परत मागून घ्या. माझी मी शिवणाच्या डब्यात ठेवली आहे.