टॉवर गेल्यावर वाय-फाय कॉलिंग: चांगलं आहे, पण राउटरच्या विजेची सोय हवी

रेंज अचानक गेली की सिम काढून पुसत बसू नका. आधी फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे साधा कॉल टॉवरऐवजी वाय-फायवरून जातो. जिओनं ही सेवा जानेवारी 2020 मध्ये देशभर आणली. एअरटेल आणि व्हीआयकडेही आहे. वेगळे पैसे पडत नाहीत, नंबर तोच राहतो, समोरच्याकडे ही सोय असायची गरज नाही.

टॉवरची वीज गेली किंवा रस्त्याच्या खोदकामात टॉवरची फायबर तुटली, तर ही सेवा खरोखर तारते, कारण कॉल घरच्या ब्रॉडबँडवरून थेट कंपनीच्या केंद्रात पोचतो. ते केंद्रच बसलं तर मात्र हीसुद्धा बसते. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं सिमच हवं.

सेटिंग चालू केलं म्हणजे झालं असं समजू नका. एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वाय-फाय चालू करा आणि 198 हा कंपनीचा तक्रार नंबर फिरवून बघा. लागला तर पास. ऑफिसच्या वाय-फायवर बऱ्याचदा लागत नाही. तिथल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या सुरक्षा-गाळणीत, या कॉलला लागणाऱ्या वाटा (यूडीपी 500 आणि 4500 हे पोर्ट) अनेकदा बंद असतात. रेंजची एखादी काडी शिल्लक असली की फोन त्या मरतुकड्या टॉवरलाच चिकटून राहतो. तेव्हाही एअरप्लेन मोड हाच उपाय. घरी ब्रॉडबँड नसेल तर शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या हॉटस्पॉटवरूनही तुमचाच नंबर चालतो.

खरी मेख विजेची. पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडला लाइट आणि टॉवर एकदम गेले तर राउटरही बंद, मग ही सेवा काय कामाची? म्हणून राउटरला लाइट गेल्यावर वीज देणारा छोटा बॅटरी-डबा, म्हणजे 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घ्याच. आधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा: व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. खोक्यावर 10,000 एमएएच लिहिलेलं असतं ते बहुधा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं, म्हणजे 37 वॉट-तास. 10 वॉट खाणारा राउटर त्यावर घट धरून तीनेक तास चालतो, दहा नाही. फायबरचा मोडेम वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरायला होतं.

एवढं करूनही नेट गेलं तर जिन्यातल्या डक्टमध्ये बघा. एक फायबर अनेक घरांत वाटणारा साधा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. पण केबलवाल्यानं तिथे विजेवर चालणारा नेटवर्क स्विच बसवून घरोघरी लॅन वायर ओढली असेल तर सोसायटीची वीज गेली की सगळी विंग ठप्प. कनेक्शन घेतानाच हे विचारून घ्या.

उणिवा आहेतच. बोलत बोलत घराबाहेर पडलात आणि बाहेर 4जी नसेल, तर कॉल तुटतो. ओटीपी सहसा येतो, पण ते फोन आणि कंपनी दोन्हींवर अवलंबून. 112 लावायचा तर एअरप्लेन मोड आधी काढा, म्हणजे फोनला दुसऱ्या कंपनीचा टॉवरही पकडता येतो.

सेवा 24 तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2024 च्या नियमांनुसार पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत मिळते. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलेली आहे. हिशेब जिल्ह्याचा असतो. नवी मुंबईकडेच बघा: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात. तक्रार करताना सिम कोणत्या पत्त्यावर नोंदलंय ते तपासून घ्या.