उघड्यावरचे हॅम केंद्र: २० मीटर की १० मीटर?
बॅटरीवरचा ५ वॅटचा संच घेऊन डोंगरमाथ्यावर बसणाऱ्या हॅमचा (हौशी रेडिओचालकाचा) संदेश किती लांब पोहोचेल, हे बऱ्याच अंशी सूर्यच ठरवतो.

१० मीटर बँडचा (२८ मेगाहर्ट्झजवळच्या वारंवारतापट्ट्याचा) डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेला तारेचा अँटेना, जेमतेम ५ मीटर लांब असल्याने तो हलक्या काठीवरही उभा राहतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, आयनांबराच्या (वरच्या वातावरणातील विद्युतभारित भागाच्या) डी थरातील रेडिओलहरींचे शोषण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने २८ मेगाहर्ट्झवर ते १४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे २० मीटर बँडच्या, साधारण चौथाई भरते. म्हणूनच सौरज्वालेच्या क्ष-किरणांनी दिवसाउजेडी २० मीटर अचानक मुका होतो, तेव्हा १० मीटर बहुधा आधी सावरतो. मात्र हा बँड लहरी जमिनीकडे परतवणाऱ्या वरच्या एफ-२ थराच्या घनतेवर जगतो. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेले २५वे सौरचक्र (सूर्याच्या सक्रियतेचा चढउतार) शिखरावर असताना तो उदार होता. चक्र उतरू लागले किंवा भूचुंबकीय वादळ आले, की पहिला फटका त्यालाच बसतो.

२० मीटरची तार दुप्पट लांब आणि उभारायला कटकटीची, पण सौरकिमानातही (चक्राच्या तळाशीही) दिवसा तो सहसा साथ सोडत नाही. एकच तार न्यायची झाल्यास मी हीच नेईन.

जागेवर पोहोचल्यावर १४.१०० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवरील आंतरराष्ट्रीय बीकन (आपोआप खुणेचे संदेश पाठवणारी केंद्रे) प्रत्येकी ३ मिनिटे ऐकावेत. प्रत्येक केंद्र १००, १०, १ आणि ०.१ वॅटचे चार दीर्घ स्वर पाठवते. १ वॅटचा स्वर ऐकू आला, तर त्या दिशेला ५ वॅटने हाक घालायला हरकत नाही.