डबा त्यांनीच गिळला, पैसे मी भरले

फॉर्मवर प्रश्न होता, ‘कचऱ्याचा नवीन डबा का हवा आहे?’ खाली चार पर्याय: हरवला, चोरीला गेला, तुटला, कर्मचाऱ्यांकडून नुकसान झालं. मी ‘हरवला’वर टिचकी मारली आणि तिथेच फसले.

आम्ही इंग्लंडात राहतो. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, नाव घेत नाही, कारण इकडेतिकडे विचारलं तर असले किस्से बऱ्याच ठिकाणचे निघतात. इथे आपल्यासारखी घंटागाडी नाही. एक आड एक मंगळवारी रिसायकलिंगची गाडी येते. आदल्या रात्री २४० लिटरचा निळा, चाकांचा डबा फुटपाथच्या कडेला लावायचा, सकाळी सातच्या आसपास तो रिकामा होतो. त्या मंगळवारी मी संध्याकाळी कामावरून आले तर सगळ्यांचे डबे झाकणं उघडी टाकून उभे, आमचाच गायब. वाऱ्याने घरंगळला असेल म्हणून दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी म्हटलं, कुणीतरी आपला समजून आत घेतला असणार.

‘हरवला’ निवडल्याबरोबर पुढच्या पानावर ४५ पौंड आले. खाली बारीक अक्षरांत खुलासा: ही डब्याची किंमत नाही, कार्यालयीन खर्च आणि पोहोचवण्याचा आकार आहे, आणि डबा कौन्सिलच्याच मालकीचा राहील. म्हणजे पैसे माझे, डबा त्यांचा. पण घरात पुठ्ठ्यांचा ढीग लागला होता, आणि डब्याबाहेर ठेवलेल्या पिशव्या गाडीवाले उचलत नाहीत. मुकाट्याने कार्डाचा नंबर टाकला.

पाच आठवड्यांनी ‘नवीन’ डबा आला. नवीन कसला डोंबलाचा! पोटावर पांढऱ्या रंगात ठसठशीत ४७. आमचं घर १२ नंबरचं. झाकणाच्या आतून कसलातरी वाळलेला चिकट ओघळ आणि एक चाक असं कुरकुरणारं की अख्ख्या गल्लीला कळावं मी डबा बाहेर काढतेय. धुऊन-दुरुस्त केलेला जुना डबाही मिळू शकतो, ही ओळ अटींमध्ये होती म्हणे. ती मी पैसे भरल्यावर वाचली.

त्याच कुरकुरीने समोरचे आजोबा बाहेर आले. म्हणाले, “तुमचा आधीचा डबा तर गाडीनेच खाल्ला ना?” त्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यात त्यांनी पाहिलं होतं. गाडीच्या मागे उचलणारी यंत्रणा असते, ती डब्याची कड पकडते, डबा वर नेऊन उलटा करते आणि दोन झटके देते. कड तडकलेली असली की डबा सुटून थेट आत पडतो आणि मागून दाबणारी लोखंडी पाटी फिरते, खेळ खलास. आमच्या डब्याची कड हिवाळ्यापासून तडकलेली होती. मी रोज बघत होते, फोटो मात्र एकही काढला नाही. आणि आजोबांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेही गेलं होतं.

कौन्सिलला फोन केला. कर्मचाऱ्यांच्या हातून डबा गेला तर बदली डबा फुकट, हा त्यांचाच नियम. पण, “तुम्ही स्वतःच ‘हरवला’ असं लिहिलंय.” लेखी तक्रार केली. नवव्या दिवशी नकार आला, सोबत एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्ट १९९० च्या कलम ४६ चा दाखला. बसून ते कलम वाचलं. खरं सांगायचं तर त्या मुद्द्यावर त्यांचं बरोबर होतं. डबा फुकट द्यायचा की पैसे घेऊन, हे कौन्सिल ठरवू शकते. ‘पैसे घेणंच बेकायदा आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका, दोन महिने वाया जातील. माझं भांडण कायद्याशी नव्हतं, त्यांनी स्वतःचाच नियम पाळला नाही याच्याशी होतं.

वाट दाखवली नानांनी. माझे वडील, नगरपालिकेत ३१ वर्षं लिपिक. रविवारी फोनवर रडगाणं ऐकून म्हणाले, “अगं, कॅमेरा सोड. गाडीला लॉगबुक असेल ना? आमच्याकडे गाडीत डिझेल भरलं तरी सही व्हायची, तिकडे अख्खा डबा आत गेला तर कुठेच नोंद नसेल? माहितीच्या अधिकारात माग.”

आपल्याकडे १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज करतात आणि ३० दिवस वाट बघतात. इथला कायदा २००० सालचा, मुदत कामाच्या २० दिवसांची, साध्या मागणीला सहसा फी नाही, ईमेलही चालतो. मी एवढंच मागितलं: अमुक तारखेला आमच्या गल्लीत आलेल्या गाडीतल्या यंत्रावर कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदी. कुणाची नावं नकोत. १९ व्या दिवशी एक तक्ता आला. चौथी ओळ: ०७:०८, १२ नंबर, ‘डबा गाडीत पडला’.

म्हणजे मी गल्ल्या पालथ्या घालत होते त्याच्या दहा तास आधीपासून हे त्यांच्या संगणकात होतं! पैसे घेणाऱ्या पानाने फक्त माझी टिचकी पाहिली आणि तक्रार वाचणाऱ्यानेही ती ओळ उघडून पाहिली नाही.

तो तक्ता जोडून तक्रारीची दुसरी पायरी चढले. शेवटी लिहिलं की यानंतर मी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाईन. तिथे तक्रार फुकट असते, पण आधी कौन्सिलच्या पायऱ्या संपवाव्या लागतात आणि साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. एवढ्याशा रकमेसाठी ते चौकशीला नकारही देऊ शकतात, हे मला ठाऊक होतं. ४५ पौंड परत आले, ‘सद्भावना म्हणून’. चूक झाली असं पत्रात कुठेही नाही.

इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर हे टाकलं तर एकीने सांगितलं, तिने असे दोनदा पैसे भरलेत, दोन्ही वेळा गाडी येऊन गेल्यावरच डबा नाहीसा झालेला. तिलाही तेच सांगितलं: फॉर्म नंतर, आधी फोन करून त्या दिवशीची गाडीची नोंद बघायला लाव. आणि आत्ताच उठून डब्याच्या कडेचा फोटो काढून ठेव.

४७ आकडा पुसायला मी थिनर घेऊन बसले होते. आकडा गेला नाही, भोवतीचा निळा रंगच पांढरट झाला आणि तो आता आणखी लांबून दिसतो. नाना दर रविवारी विचारतात, “सत्तेचाळीस नंबर काय म्हणतोय?”